पेशी जगली, पण ती कुणाची?

१९०७ साली रॉस हॅरिसन या अमेरिकी शास्त्रज्ञाला एक जुना वाद मिटवायचा होता. मज्जातंतूचा लांबलचक धागा तयार कसा होतो? अनेक पेशी एकापुढे एक जुळून तो बनतो, की एकच मज्जापेशी आपल्या अंगातून तो बाहेर काढत नेते? मेलेल्या ऊतीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली कितीही पाहिले, तरी दोन्ही पक्षांना त्यात आपापला पुरावा दिसायचा. हॅरिसनने मग बेडकाच्या भ्रूणातून भावी मज्जासंस्थेचा इवलासा तुकडा काढला, बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात तो काचेवर ठेवला, काच उलटी करून थेंब लोंबकळता ठेवला आणि कडा मेणाने बंद केल्या. थोड्याच काळात पेशींतून तंतू फुटले आणि पुढे पुढे सरकताना त्याला प्रत्यक्ष दिसले. एकाच पेशीतून तंतू निघतो, हे सिद्ध झालं.

हा वाद आज फारसा कुणाला आठवत नाही. ज्या पद्धतीने तो मिटला, ती मात्र वैद्यकाच्या कायमची कामाला आली. शरीरातून काढलेली पेशी बाहेर जगू शकते, वाढू शकते आणि आपण तिच्याकडे पाहत असताना आपलं काम करू शकते, हे त्या थेंबाने दाखवलं. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पोलिओ, गोवर, कोविडच्या लसी, कर्करोगावरची कित्येक औषधं आणि वृद्धत्वाविषयीचं बरंचसं ज्ञान याच वाटेने आलं. पण पेशी बाहेर जगवणं ही निम्मीच गोष्ट. बाहेर जगताना ती पेशी पहिल्यासारखीच राहते का, आणि बाटलीवर जे नाव लिहिलंय तीच पेशी आत आहे का, हे तपासणं ही उरलेली निम्मी. ही दुसरी बाजू शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला बराच वेळ गेला आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

चौतीस वर्षं जगलेला तुकडा

न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अॅलेक्सिस कॅरेल हे फ्रेंच शल्यविशारद काम करत. रक्तवाहिन्या शिवण्याच्या तंत्राबद्दल १९१२ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्याच वर्षी १७ जानेवारीला त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा बाटलीत वाढायला ठेवला. तो वाढला, आणि वाढतच राहिला. वर्तमानपत्रं त्याची खुशाली छापू लागली. १९४४ मध्ये कॅरेल वारले, तरी पेशी जिवंतच होत्या. अखेर १९४६ मध्ये ते कल्चर, म्हणजे बाटलीतलं ते पेशी-संवर्धन, बंद करण्यात आलं, तेव्हा त्याला चौतीस वर्षं झाली होती. कोंबडी इतकी जगत नाही. त्यावरून निष्कर्ष निघाला की शरीर म्हातारं होतं, पेशी मात्र मूळच्या अमर असतात.

अडचण एवढीच होती की हा प्रयोग इतर कुणालाही जमत नव्हता. ज्यांच्या पेशी मरत, ते स्वतःच्याच हाताला दोष देत. कॅरेलसारख्या नोबेल विजेत्याचं चुकलं असेल, असं म्हणायची कुणाची छाती होत नव्हती.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतल्या लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी ते म्हटलं. माणसाच्या सर्वसाधारण पेशी साधारण पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होतं. दोष बाटलीचा, खाद्याचा की पेशींचाच, हे ठरवण्यासाठी त्यांनी एक सुरेख प्रयोग केला. चाळीसएक वेळा दुप्पट झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि दहाएक वेळाच दुप्पट झालेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच भांड्यात एकत्र वाढवल्या. स्त्री-पुरुष पेशी गुणसूत्रांवरून ओळखता येतात. काही काळाने भांड्यात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या. खाद्य तेच, भांडं तेच, हवा तीच, तरी ज्यांचा हिशेब संपला त्या थांबल्या. हा निबंध एका नामांकित नियतकालिकाने आधी साभार परत पाठवला होता. आज पेशींच्या या मर्यादेला 'हेफ्लिक मर्यादा' म्हणतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचा भाग असतो, तो प्रत्येक विभाजनागणिक झिजतो, हे तिचं कारण पुढे उलगडलं. टेलोमिअरच्या संशोधनाला २००९ चं नोबेल मिळालं.

मग कॅरेलचा तुकडा चौतीस वर्षं कसा जगला? त्याला खाद्य म्हणून कोंबडीच्या भ्रूणाचा अर्क घालत. त्या अर्कातून दर वेळी ताज्या, जिवंत पेशी बाटलीत जात असाव्यात, असा दाट संशय आहे. मूळ तुकडा केव्हाच संपला असेल आणि खुशाली छापली जात होती ती नव्या पाहुण्यांची.

गुलाबी पाणी आणि पाच टक्के वायू

आजच्या पेशी-प्रयोगशाळेत शिरलं की आधी नजरेत भरतो रंग. इनक्युबेटरच्या फळ्यांवर पारदर्शक प्लास्टिकचे चपटे फ्लास्क आडवे ठेवलेले असतात आणि त्यांच्या तळाशी लालसर गुलाबी द्रव असतो. या द्रवाला सगळे 'मीडियम'च म्हणतात. त्यात ग्लुकोज, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि क्षार असतात. माणसाच्या पेशीला नेमकं काय आणि किती लागतं, याची यादी हॅरी ईगल यांनी १९५०च्या दशकात एकेक घटक वगळून पाहत तयार केली. त्यांचं नाव असलेलं मीडियम अजूनही रोज वापरात आहे. रंग येतो तो फिनॉल रेडमुळे. पेशी भरपूर वाढल्या की त्यांनी टाकलेल्या आम्लामुळे मीडियम पिवळं पडतं, कार्बन डायऑक्साइड कमी पडला की जांभळट होतं. सकाळी आल्याआल्या इनक्युबेटरचं दार उघडून रंग पाहिला की रात्री काय घडलं याचा अंदाज येतो. मीडियम गढूळ दिसलं तर कंटॅमिनेशन, म्हणजे जिवाणू किंवा बुरशी शिरली. तो फ्लास्क निर्जंतुक करून सरळ फेकून द्यायचा.

इनक्युबेटरचं तापमान ३७ अंश सेल्सिअस आणि आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. मीडियममधल्या बायकार्बोनेटशी जमवून घेऊन हा वायू आम्लता रक्ताइतकी राखतो. बहुतेक पेशींना आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सीरम. गाभण गायींची कत्तल होते तेव्हा गर्भातल्या वासरांच्या रक्तापासून ते मिळवतात. प्राण्यांचा वापर कमी करणारी पद्धत म्हणून पेशी-कल्चरची भलामण होते, तेव्हा हे विसरून चालत नाही. म्हणूनच सीरमविरहित मीडियम तयार करण्यावर इतकी वर्षं खर्ची पडली आहेत.

पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून, पाय पसरून वाढतात. तळ भरला की त्यांना दुसरीकडे हलवावं लागतं. याला 'पॅसेज' म्हणतात. स्पिरिटने हात आणि बाटल्या पुसून, निर्जंतुक हवेचा झोत असलेल्या हूडखाली हे काम चालतं. जुनं मीडियम काढायचं आणि खारट द्रावणाने पेशी धुवायच्या, कारण सीरमचा अंश राहिला तर पुढचं रसायन चालत नाही. मग ट्रिप्सिन घालायचं. अन्नातली प्रथिनं पचवणारं हे विकर पेशींना तळाशी बांधणारी प्रथिनं तोडतं. दोनतीन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की पसरलेल्या पेशी पाय आखडून गोल झालेल्या आणि तरंगू लागलेल्या दिसतात. लगेच सीरम असलेलं मीडियम घालून ट्रिप्सिनचं काम थांबवायचं. उशीर झाला तर पेशीच खराब होतात. मग त्यातला थोडा भाग नव्या फ्लास्कमध्ये टाकायचा. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावावं, तशी ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालते. आणि विरजणासारखाच तिचाही गुण हळूहळू बदलत जातो. बाटलीत जी पेशी झपाट्याने वाढते तिचीच संतती पुढे जाते, सावकाश आपलं मूळ काम करत बसणारी मागे पडते. यकृताच्या पेशी चार दिवस बाटलीत राहिल्या, की औषधं पचवण्याचं आपलं बरंचसं कौशल्य गमावून बसतात.

हा बदल रोखायचा उपाय म्हणजे पेशी गोठवून ठेवणं. मीडियममध्ये दहा टक्के डीएमएसओ हे रसायन मिसळून, मिनिटाला साधारण एक अंश इतक्या संथ गतीने पेशी थंड करतात, नाहीतर आत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटतात. नंतर त्यांची छोटी कुपी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उतरते. जागं करताना मात्र उलट, झटपट ३७ अंशांवर आणायचं. हेफ्लिकच्या पेशी अशा गोठवून वर्षांनी जाग्या केल्या, तरी आपली किती विभाजनं झाली आणि किती उरली हा हिशेब त्या विसरल्या नव्हत्या.

बाल्टिमोरमध्ये आणि मुंबईत

१९५१ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेत होती. वय एकतीस, पाच मुलांची आई. उपचारांच्या वेळी गाठीचा छोटा तुकडा काढून त्याच संस्थेतल्या जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. तिला विचारलं नव्हतं. त्या काळी कुणालाच विचारत नसत. गे कित्येक वर्षं माणसाच्या पेशी कायमच्या वाढवण्याचा प्रयत्न करत होते. नळ्या सावकाश फिरवत ठेवणारा ड्रम त्यांनी स्वतः बनवला होता. त्यांच्या सहायक मेरी क्युबिसेक यांनी तुकडा बारीक चिरून नळ्यांत घातला आणि नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून 'हीला' असं लिहिलं. या पेशी दर चोवीस तासांना दुप्पट होऊ लागल्या आणि थांबेचनात. माणसाची ही पहिली अमर सेल लाइन, म्हणजे बाटलीत न संपता चालणारी पेशींची परंपरा. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली.

हीला पेशी थांबत नाहीत याची कारणं पुढे कळली. ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराची जनुकं त्यांच्या गुणसूत्रांत घुसलेली आहेत आणि झिजणारी टेलोमिअर पुन्हा बांधणारं विकर त्यांच्यात चालू आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हा विषाणू असतो, हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं आणि त्या ज्ञानातून आजची एचपीव्ही लस आली. ज्या रोगाने हेन्रिएटा गेली, तो टाळण्याच्या कामाला तिच्याही पेशी लागल्या. तिच्या कुटुंबाला मात्र या पेशींचा पत्ता १९७३ पर्यंत नव्हता. तिच्या पेशींचा जनुकीय आराखडा परवानगीशिवाय प्रसिद्ध झाल्यावर, २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी करार केला आणि तो आराखडा कोण वापरेल हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबीयांना जागा दिली. आज भारतातही रुग्णाची ऊती संशोधनाला वापरायची तर लेखी संमती आणि नीतिसमितीची परवानगी लागते.

गे यांच्या याच प्रयोगशाळेत एक मराठी संशोधिका पेशी वाढवायला शिकली. कमल रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ. १९१७ मध्ये पुण्यात जन्म, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. मुंबईत व. रा. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि मग ऊती-संवर्धनाचं तंत्र शिकायला बाल्टिमोर गाठलं. परत येऊन त्यांनी मुंबईत भारतातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्यांचा अभ्यास उंदरांमधल्या स्तनांच्या कर्करोगाचा. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू एकमेकांत गुंतून गाठ कशी घडवतात, हे पाहायचं तर एकेक धागा सुटा करावा लागतो, आणि पेशी बाटलीत आणल्याशिवाय तो सुटा होत नाही. पुढे १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

माकडं, लसी आणि पुणे

विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. त्यामुळे विषाणूवर लस करायची तर आधी पेशींची सोय लागते. पोलिओचा विषाणू फक्त मज्जासंस्थेच्या पेशींतच वाढतो, असा समज होता आणि मज्जापेशींतून केलेली लस टोचणं धोक्याचं होतं. १९४९ मध्ये जॉन एन्डर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी तो इतर ऊतींच्या पेशींतही वाढवून दाखवला. १९५४ चं नोबेल त्यांना याचसाठी मिळालं. जोनास साल्क यांनी लसीसाठी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी निवडल्या. लसीमुळे रक्तात प्रतिपिंडं तयार होतात का, हे तपासायला हीला पेशी कामी आल्या. त्या मोठ्या प्रमाणावर वाढवून पाठवण्याचं केंद्र अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत उभं राहिलं.

मूत्रपिंडं होती ऱ्हीसस माकडांची, आणि ती माकडं प्रामुख्याने भारतातून जात. प्रवासात माकडं गुदमरून मेल्याच्या घटनेनंतर १९५५ मध्ये भारताने काही काळ निर्यात थांबवली, मग अटी घालून सुरू केली. १९७८ मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान असताना ती पूर्ण बंद झाली.

या माकडांच्या पेशींसोबत एक बिनबोलावलेला पाहुणाही आला होता. १९६० मध्ये ऱ्हीससच्या मूत्रपिंडात मुक्काम करणारा एसव्ही-४० हा विषाणू सापडला. ऱ्हीससच्या पेशीत तो शांत बसून असायचा, त्यामुळे कुणाला दिसला नव्हता. दुसऱ्या जातीच्या माकडाच्या पेशींवर टाकल्यावर त्या फुगून पोकळ दिसू लागल्या, तेव्हा चोर सापडला. तोवर लाखो लोकांना टोचलेल्या लसीत तो होता. हॅमस्टरमध्ये त्याने गाठी निर्माण केल्या. सुदैवाने लस घेतलेल्या माणसांत कर्करोग वाढल्याचा पुरावा पुढच्या मोठ्या पाहण्यांत आढळला नाही. पण धडा मिळाला. दर वेळी नव्या जनावराचा अवयव घेतला, की दर वेळी नवा धोका.

हेफ्लिक यांचं उत्तर होतं, एकदाच नीट तपासलेल्या, गोठवून ठेवलेल्या, माणसाच्या निरोगी पेशी. स्वीडनमध्ये कायदेशीर गर्भपात झालेल्या गर्भाच्या फुप्फुसापासून १९६२ मध्ये डब्ल्यूआय-३८ आणि ब्रिटनमध्ये १९६६ मध्ये एमआरसी-५ या सेल लाइन तयार झाल्या. त्यांची पन्नास विभाजनांची मर्यादा इथे गुण ठरली, कारण मर्यादा असलेली पेशी म्हणजे कर्करोगाकडे न वळलेली पेशी. या एकेका गर्भापासूनच्या पेशींवर कोट्यवधी डोस तयार झाले आहेत. त्यासाठी नवे गर्भ लागत नाहीत. गर्भपाताच्या प्रश्नावर ज्यांचा आक्षेप आहे, त्यांचा या पेशींवरही आहे, आणि ती चर्चा अजून मिटलेली नाही. भारतात २०१७ पासून मुलांना गोवर-रुबेलाची जी लस मोहिमेत दिली गेली, ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. तिच्यातले विषाणू माणसाच्या अशाच पेशींवर वाढवतात.

पुण्याचा दुसरा दुवा कोविडचा. मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय विषाणू संस्थेने नवा करोना विषाणू प्रयोगशाळेत वाढवला, तो व्हेरो पेशींवर. आफ्रिकन ग्रीन माकडाच्या मूत्रपिंडापासून या पेशी १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात तयार झाल्या. विषाणू शिरल्यावर शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन हे प्रथिन व्हेरो पेशी बनवूच शकत नाहीत. म्हणून त्यांच्यात विषाणू बिनधास्त वाढतो. शरीरात हे व्यंग जीवघेणं ठरलं असतं, लसीच्या कारखान्यात मात्र तेच भांडवल झालं. रुग्णाचा नमुना पेशींवर टाकला आणि दोनतीन दिवसांत पेशी गोल होऊन तळापासून सुटू लागल्या, तर आत विषाणू वाढतोय असं समजायचं. पुण्यात वाढवलेला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेककडे गेला, तिथेही व्हेरो पेशींवरच वाढवून, मग निष्क्रिय करून कोव्हॅक्सिन झाली. कोविशिल्डसाठी वेगळी पेशी लागली. या लसीतला वाहक विषाणू वाढीला लागणारं जनुक काढून पांगळा केलेला असतो. ती उणीव भरून काढणाऱ्या एचईके-२९३ पेशींतच तो वाढतो. या पेशी फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये तयार केल्या. २९३ हा त्यांच्या वहीतला प्रयोगाचा क्रमांक.

औषधनिर्मितीतही हेच. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून १९५७ मध्ये मिळालेल्या सीएचओ पेशी आज हजारो लिटरच्या टाक्यांत वाढतात. हृदयविकारात गुठळी विरघळवणारं टीपीए हे त्यांच्याकडून बनवून घेतलेलं औषध १९८७ मध्ये बाजारात आलं, आणि स्तनांच्या कर्करोगावरचं ट्रॅस्टुझुमॅबही त्याच बनवतात.

बाटलीवरचं नाव

१९६६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्ड गावी पेशीतज्ज्ञांची परिषद भरली. तिथे स्टॅन्ली गार्टलर या जनुकशास्त्रज्ञाने अठरा मानवी सेल लाइनचा हिशेब मांडला. त्या वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वापरात होत्या. त्या सगळ्यांत जी६पीडी या विकराचा 'ए' प्रकार होता. हा प्रकार जवळपास फक्त आफ्रिकी वंशाच्या माणसांत आढळतो, आणि यांतल्या बऱ्याच पेशी तर गोऱ्या लोकांच्या म्हणून नोंदलेल्या. हेन्रिएटा कृष्णवर्णीय होती. अर्थ उघड होता. सगळ्या बाटल्यांत हीलाच होती.

असं घडणं अवघड नसतं. एकच पिपेट दोन बाटल्यांत गेलं, मीडियमच्या सामाईक बाटलीत एक थेंब पडला, की पुरे. हीला इतकी चपळ वाढते की काही पॅसेजमध्ये मूळ पेशी नामशेष होतात आणि लेबल तसंच राहतं. सभागृहात शांतता पसरण्याजोगीच ही बातमी होती, कारण यकृत म्हणून, आतडं म्हणून वर्षानुवर्षं अभ्यासलेल्या पेशी गर्भाशयमुखाच्या निघाल्या. पुष्कळांनी ती मानली नाही आणि काम तसंच चालू ठेवलं.

दोष एकट्या हीलाचा नाही. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन स्तनांच्या कर्करोगाची म्हणून शेकडो शोधनिबंधांत वापरली गेली. २००० मध्ये तिच्या जनुकांची हालचाल तपासल्यावर ती त्वचेच्या मेलानोमासारखी वागते असं दिसलं, आणि अखेर ती एम-१४ या मेलानोमाच्या पेशींचीच प्रत निघाली. चुकीच्या नावाने वावरणाऱ्या सेल लाइनची आंतरराष्ट्रीय यादी आज पाचशेच्या पुढे गेली आहे. शिवाय मायकोप्लाझ्मा नावाचे इवले जिवाणू असतात. ते मीडियम गढूळ करत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत, पण पेशींचं वागणं बदलून टाकतात. मीडियमचा रंग ठीक दिसतो आणि प्रयोगाचे आकडे चुकत जातात.

उपाय ठाऊक आहे. न्यायवैद्यक तपासात माणसाची ओळख पटवायला डीएनएच्या ठरावीक जागांवरचे पुनरावृत्त तुकडे मोजतात, तीच एसटीआर चाचणी पेशींना लावायची. मूळ नोंदीशी जुळलं तर पुढे जायचं. दर काही पॅसेजनंतर मायकोप्लाझ्मा तपासायचा. आणि पेशी शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून न आणता मान्य पेशीपेढीतून घ्यायच्या. अशी राष्ट्रीय पेढी आपल्याकडे पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे. १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती आणि पेशी-संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून ती सुरू झाली, आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते.

रुग्णाच्याच पेशी

अमर सेल लाइनची मूळ अडचण तरीही राहते. जी पेशी बाटलीत सहज वाढते, ती बहुधा कर्करोगाची असते किंवा बिघडलेली. हीला पेशीत ४६ ऐवजी साधारण ७६ ते ८० गुणसूत्रं असतात. तिच्यावरून निरोगी पेशीबद्दल बोलताना जपूनच बोलावं लागतं.

यातून दोन वाटा निघाल्या. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घालून तिला भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत परत नेलं, आणि पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीतही ते साधलं. २०१२ चं नोबेल त्यांना मिळालं. आता पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूला हात न लावता, त्याच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून मज्जापेशी घडवून त्या कशा बिघडतात हे पाहता येतं.

दुसरी वाट ऑर्गनॉइडची. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातली एकेक मूलपेशी जेलसारख्या आधारात ठेवली. योग्य संकेत मिळताच तिने घड्या आणि कप्पे असलेलं इवलंसं आतडं स्वतःच रचलं. याचा रोकडा उपयोग सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात झाला. या रोगात पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारा मार्ग बिघडलेला असतो. रुग्णाच्या गुदाशयातून चिमूटभर ऊती घेऊन ऑर्गनॉइड वाढवतात आणि त्यावर औषध व एक उत्तेजक रसायन टाकतात. मार्ग उघडला तर पाणी आत शिरून गोळे तासाभरात टरारून फुगतात. औषध निरुपयोगी असेल तर जसेच्या तसे राहतात. ज्यांचा जनुकदोष इतका दुर्मीळ आहे की मोठी चाचणी घेणंच शक्य नाही, अशा रुग्णांना महागडं औषध द्यावं की नाही, हे अशा फुगण्यावरून ठरवलं गेलं आहे.

कायदाही बदलतो आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली. भारतानेही २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून पेशी, ऑर्गनॉइड आणि चिपवरच्या ऊतींना जागा दिली. प्राण्यांवरचे प्रयोग याने लगेच संपणार नाहीत. बाटलीला रक्ताभिसरण नसतं, प्रतिकारशक्ती नसते, गोळी आतड्यातून यकृतात आणि तिथून मूत्रपिंडात असा प्रवास करत नाही.

बातमी वाचताना

'हळदीतल्या घटकाने कर्करोगाच्या पेशी मारल्या' अशी बातमी महिन्याकाठी एखादी तरी येतेच. ती खोटी असेलच असं नाही. पण बाटलीतल्या पेशी मारणं फार सोपं असतं. मिठाचं प्रमाण वाढवलं तरी त्या मरतात. हळदीतलं कर्क्युमिन काही ग्रॅम पोटात घेतलं, तरी रक्तात पोचतं ते अगदी नगण्य, आणि बाटलीत त्याच्या कित्येक पट मात्रा वापरलेली असते. शिवाय ते स्वतःच चमकतं, त्यामुळे प्रकाश मोजून निकाल देणाऱ्या चाचण्यांना चकवतं.

अशी बातमी हाती आली की चार प्रश्न विचारावेत. पेशी कुठल्या होत्या आणि त्यांची ओळख तपासली होती का? जितकी मात्रा बाटलीत दिली तितकी रक्तात पोचू शकते का? शेजारी निरोगी पेशी ठेवल्या होत्या का, आणि त्या वाचल्या का? आणि बाटलीनंतर, प्राण्यांत आणि शेवटी माणसांत, काय दिसलं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक बातम्यांत नसतं. ते मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेली गोळी थांबवू नये, आणि हळद आपली भाजीतच घालावी.